उजव्या सीटवरचा नकार

दुपारी घरी कुणी आलं आणि मी आतल्या खोलीत झोपलेली असले, की सासूबाई पाहुण्यांना मी देवळात गेलेय असं सांगतात. कधी देऊळ, कधी बँक, कधी पार्लर. मोशीतलं आमचं घर जुन्या गावठाणात आहे, गल्लीत सगळी भावकी. भरदुपारी झोपणारी सून या गल्लीनं अजून पाहिलेली नाही. मी विमान चालवते हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचं कौतुकही होतं. पण विमान चालवणाऱ्या बाईनं दुपारी का झोपावं, याचं उत्तर सासूबाईंकडे नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही ते पटलेलं नाही. एकदा मी पाणी प्यायला उठून बाहेर आले, तर समोर चुलत सासूबाई चहा पीत बसलेल्या. देवळातून मी थेट गाऊनवर परत आले होते. त्या दिवशी दोघीही जावा चहाच्या कपात बघत बसल्या आणि मी पाणी न पिताच आत गेले.

आता हे कुणाला समजावणार की झोपणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. दोन ड्युट्यांच्या मध्ये अमुक इतके तास विश्रांती द्यायचीच, असा नियम आहे आणि आमची एअरलाइन तो पाळते. विश्रांती देते. ती मला मिळाली का, हे विचारायचं तिला कारण नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या चाकणच्या कंपन्यांतल्या मुलांना भाड्यानं दिलेल्या आहेत. त्यांच्या तीन शिफ्ट. कुणी आंघोळ करतो तेव्हा कुणी कुकर लावतो आणि तिसरा गॅलरीत उभा राहून गावाकडे फोनवर ओरडत असतो. नवरा चाकणलाच सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, त्याचीही शिफ्ट दर आठवड्याला फिरते. आम्ही नवरा-बायको कधी कधी फक्त जिन्यात भेटतो. तो बूट काढत असतो आणि मी घालत असते. पलीकडे नाशिक हायवे, त्यावर कांद्याचे ट्रक आणि कंपनीच्या बसचे हॉर्न. या सगळ्यात जो वेळ मी अंथरुणावर आडवी पडून काढते, त्याला कागदावर विश्रांती म्हणतात.

लोकांना पायलट म्हटलं की दुबई, सिंगापूर, हॉटेलातल्या मऊ गाद्या असं काहीतरी दिसतं. आमची एअरलाइन छोटी, विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि तीही पंख्याची. जिथं मोठी विमानं जात नाहीत अशा लहान गावांना आम्ही जातो. गेली काही वर्षं मी तीच धरणं, तेच उसाचे पट्टे आणि तेच डोंगर वरून बघतेय. एका दिवसात चार फेऱ्या, कधी त्याहून जास्त. उतरायचं, माणसं सोडायची, दुसरी घ्यायची, पुन्हा उडायचं. जमिनीवर असताना एसी धड चालत नाही. एप्रिल-मे महिन्यात त्या काचेच्या खोक्यात बसलं की शर्ट पाठीला चिकटतो आणि तो सुकायच्या आत पुढच्या गावाला उतरायची वेळ होते. पाणी मी मोजकंच पिते, कारण बाथरूमला जायला फुरसत होईलच असं नाही. आमच्यातल्या बहुतेक बायका हेच करतात आणि मग डॉक्टरकडे जाऊन बोलणी खातात.

जेवणाचीही एक गंमत आहे. दोन्ही पायलटनी एकच पदार्थ खायचा नाही, म्हणजे अन्न खराब असलं तर निदान एकजण शुद्धीवर राहतो. म्हणून दोन डबे येतात, एकात उपमा आणि एकात सँडविच. पहिली निवड कॅप्टनची. त्यामुळे मला काय आवडतं हे मीच विसरून गेलेय. कॅप्टनला जे आवडत नाही ते मी खाते.

विमानात डावी सीट कॅप्टनची आणि उजवी को-पायलटची. विमान दोघंही उडवतात, एक फेरी त्यांची तर एक माझी. पण शेवटचा शब्द डाव्या सीटचा. त्या डाव्या सीटसाठी लागणारे तास माझे पूर्ण झाले होते, लेखी परीक्षा झाल्या होत्या. पुढच्या महिन्यात एक शेवटची चाचणी होणार होती. ज्यांना चाचणीला बसवायचं त्यांची यादी ऑफिस काढतं, आणि त्यात माझं नाव असणार हे तोंडी सांगूनही झालं होतं. सासूबाईंनी गल्लीत सांगून टाकलं होतं, ‘आमची आता क्याप्टन व्हनार हाय.’ मी त्यांना थांबवलं नाही. मलाही ते ऐकायला बरं वाटत होतं. बारावीपासून मी दुसरं काही मागितलेलं नाही. मला डाव्या सीटवर बसायचं होतं, बाकी सगळं त्यापुढे सोसायला तयार होते.

ज्या दिवसाबद्दल सांगतेय, त्या दिवशीचे कॅप्टन देहूरोडचे. पन्नाशी कधीच ओलांडलेले, वडील तिथल्या आयुध कारखान्यात होते, घर अजून कॅन्टोन्मेंटच्या कडेला. कंपनीची गाडी पहाटे आधी त्यांना घ्यायची आणि स्पाइन रोडनं येऊन मला. मग भोसरी, दिघी, विश्रांतवाडी करत लोहगाव. हा रस्त्यातला वेळ ड्युटीत धरत नाहीत. ड्युटी विमानतळावर हजेरी लागल्यापासून सुरू होते, म्हणजे खड्ड्यांतून मणका मोडून घेतला तो आमच्या स्वतःच्या वेळात. गाडीत ते पुढं बसायचे, मी मागे. त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द आलेला नाही. मला ते नेहमी ‘काय गं, झोप झाली का?’ असं विचारायचे, मी ‘झाली सर’ म्हणायचे, आणि दोघांनाही ठाऊक असायचं की या दोन्ही वाक्यांना काही अर्थ नाही.

तो सलग पाचवा पहाटेचा दिवस होता. तीन फेऱ्या सुरळीत झाल्या. चौथी म्हणजे पुण्याला परतीची, आणि मग घर. दुपारचं ऊन, खालून गरम हवा, विमान सारखं हलत होतं. रेडिओ माझ्याकडे होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. विमान तेच असलं तरी प्रत्येक फेरीला त्याचा नंबर बदलतो. सकाळी जाताना एक, येताना दुसरा, पुढच्या गावाला जाताना तिसरा. रेडिओवर आपल्याला त्या नंबरानंच हाक मारतात. म्हणजे दिवसातून चार वेळा आपलं नाव बदलतं, असं समजा. ताजं नाव विसरू नये म्हणून आम्ही त्याची चिठ्ठी समोर लावून ठेवतो.

पुणं जवळ आलं आणि रेडिओवर कंट्रोलरनं एका विमानाला खाली यायला सांगितलं. कुणी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. पुन्हा शांतता.

‘कोण शहाणा आहे हा?’ कॅप्टन म्हणाले. ‘झोपलाय की काय?’

‘नवीन असेल बिचारा, सर,’ मी म्हणाले. मला त्या पायलटची खरंच दया आली. आता उतरल्यावर याला किती बोलणी बसणार, असं मनात येऊन गेलं. कंट्रोलरनं तिसऱ्यांदा हाक मारली, आता त्याचा आवाज चढला होता. कॅप्टननी मान हलवली. मी थोडी वैतागलेही, कारण हा गाढव उत्तर देईना आणि त्याच्यापायी आमचा नंबर लागेना. मग माझी नजर समोरच्या चिठ्ठीवर गेली.

‘सर,’ मी म्हणाले, ‘तो आपल्यालाच बोलावतोय.’

मी मनात सकाळचाच नंबर धरून बसले होते. आणि तेही. मी घाईघाईनं उत्तर दिलं, कंट्रोलरनं न रागावता पुन्हा सूचना दिली. तोवर आम्ही फार उंच राहिलो होतो, एक चक्कर मारून उतरावं लागलं. चक्कर मारताना कॅप्टन हसायला लागले, मीही हसले. इतके हसलो की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग दोघांचं हसणं एकदम बंद झालं. मागे सत्तरेक माणसं बसली होती. त्यांना वाटलं असेल, पायलट आपल्याला पुणं दाखवतोय. एकाचं विसरणं मी समजू शकते, दुसरा त्यासाठीच तर बसलेला असतो. इथं दोघंही मिळून स्वतःचीच कीव करत बसलो होतो.

उतरलो, माणसं गेली. मी पट्टे सोडून सुस्कारा टाकला तेवढ्यात कॅप्टनच्या फोनवर ऑफिसमधल्या माणसाचा आवाज आला. ड्युट्या लावणारा हा माणूस मी आजवर फक्त आवाजानंच ओळखते. तो कधी चिडत नाही, तेच त्याचं हत्यार आहे.

‘सर, फक्त एकदा जाऊन-येऊन. पुढच्या क्रूचं विमान अडकलंय. दुसरं कुणी नाही माझ्याकडे. पॅसेंजर बसून आहेत, सर.’

आमचे तास संपत आले होते. पण असं अचानक अडलं तर कॅप्टन स्वतःच्या अखत्यारीत ड्युटी थोडी वाढवू शकतो. अट एकच, बरोबरच्यांना विचारलं पाहिजे. त्यामुळे कॅप्टन विचारतात. फोनवर हात ठेवून ‘फिट ना?’ असं म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता हात काढतात. आपण ‘येस सर’ म्हणेपर्यंत पाण्याची बाटली भरायला दिलेली असते. इतक्या वर्षांत मी कुणाला दुसरं काही म्हणताना ऐकलं नव्हतं.

त्यांनी फोनवर हात ठेवला. ‘कशी आहेस?’ त्यांनी विचारलं. आणि ते थांबले.

ते थांबले म्हणून सगळं घडलं. नेहमीसारखा हात काढला असता तर मी गेले असते. ते माझ्याकडे बघत थांबले. त्यांचे डोळे लाल होते, खालच्या पापण्या लोंबत होत्या, ओठ सुकले होते. माझ्याही तोंडात ‘येस सर’ तयार होतं. पुढच्या महिन्यातली यादी डोळ्यासमोर होती. या ऑफिसातल्या गोड आवाजाच्या माणसाला यादी करणारे विचारतात, हेही ठाऊक होतं. ‘मॅडम कशा आहेत, अडीअडचणीला उभ्या राहतात का?’ आणि त्याच वेळी कानात तो कंट्रोलरचा तिसऱ्या हाकेचा आवाज होता. तो अजून कानातून गेलेला नव्हता. मला भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी भीती, की चौथी हाकही मला दुसऱ्याचीच वाटेल.

‘सर, मला नाही जमणार,’ मी म्हणाले. ‘मी थकलेय.’

त्यांनी ताबडतोब हात काढला. ‘हे बघा, माझं काही नाही, मी गेलो असतो,’ ते फोनमध्ये म्हणाले. ‘पण को-पायलट अनफिट म्हणतेय. माझा नाइलाज आहे.’

ते बॅग आवरायला लागले.

ती फेरी रद्द झाली. बाहेर पडायचा आमचा रस्ता नेमका त्या फेरीसाठी थांबलेल्या माणसांच्या बाजूनं जातो. बातमी नुकतीच सांगितलेली, सगळे उठून उभे राहिलेले. माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या बघून एक बाई पुढे आली. पन्नाशीची, हातात खाऊच्या पिशव्या, बोलणं मराठवाड्याकडचं.

‘ताई, तुम्ही पायलट हाव ना? मंग इमान का न्हाई म्हनायलेत? पायलट तर हितंच फिरायलंय की!’

चारदोन माणसं वळून बघायला लागली. मी ‘सॉरी मावशी’ म्हणून पुढं निघाले. मागून एकजण मोठ्यानं म्हणाला, ‘यांना पाच वाजले की घर दिसतं, राव.’ पाच वाजायला अजून बराच अवकाश होता, आणि मी अंधारात घर सोडलं होतं. वळून भांडावंसं फार वाटलं. अंगात तेवढंही त्राण नव्हतं.

गाडीत बसलो आणि दिघी यायच्या आत कॅप्टन झोपले. तोंड उघडं, मान खिडकीकडे कललेली, ड्रायव्हरनं ब्रेक मारला की डोकं काचेवर आपटायचं, तरी जाग नाही. मी मागं बसून त्यांच्याकडे बघत होते आणि आतून जळत होते. ही झोप मी मिळवून दिली होती. खापर माझ्या डोक्यावर फुटलं होतं आणि घोरत हे होते. भोसरीच्या पुलाखाली गाडी अडकली, कंपन्यांची पहिली शिफ्ट सुटली होती, सगळीकडे दुचाक्या. मला त्यांना हलवून उठवावंसं वाटत होतं. मोशीच्या चौकात मी उतरायला लागले तेव्हा ते आपोआप जागे झाले.

‘रागावलीस,’ ते म्हणाले.

‘सर, तुम्हालाही जायचं नव्हतं.’

‘नव्हतं.’

‘मग तुम्ही का नाही म्हणालात?’

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. ‘माझं वय बघ, पोरी. मी अनफिट म्हटलं की मला डॉक्टरकडे पाठवतात. मग शुगर बघा, हृदय बघा, अमुक टेस्ट, तमुक टेस्ट. त्यातून काही निघालं की घरी बसलो. तू म्हणालीस तर तू दमलीस, एवढंच होतं.’

‘माझी यादी लागायची आहे, सर.’

‘लागेल गं. तुझं नाव कोण काढणार?’ ते म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं की काय, मला आजही कळलेलं नाही. मागून बसवाल्यानं हॉर्न दिला आणि त्यांची गाडी गेली.

घरी सासूबाई अंगणात मेथी निवडत होत्या. माझा चेहरा बघून काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं, नंबराचं, हाकेचं, नाही म्हटल्याचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘अगं, एक फेरी तर व्हती,’ त्या म्हणाल्या. ‘मारायची की. आता क्याप्टन न्हाई केलं तर? मी समद्यास्नी सांगून बसलेय.’

‘माहीत आहे.’

‘आमी न्हाई का, बाळंतपनातबी म्हशींचं केलं.’

म्हशी झोपेत आकाशातून पडत नाहीत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनीच मग मेथी बाजूला ठेवून चहा टाकला आणि मला आत जाऊन पडायला सांगितलं. पडले. झोप आली नाही.

यादी लागली. माझं नाव नव्हतं. ऑफिसमधल्या साहेबांना भेटायला गेले, तर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि फार समजुतीनं बोलले. माझ्या उडवण्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. सुरक्षेच्या बाबतीत आमचं धोरण स्पष्टच आहे, थकलं तर थकलं म्हणावं, आणि तुम्ही तेच केलंत, अभिनंदन. फक्त डाव्या सीटसाठी थोडा दमसास लागतो. ‘आणि बायकांना घरही असतं, आम्हाला कळतं ते. घाई कशाला? पुढच्या वेळी बघू.’ मी घराबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. घरात मी देवळात असते, हे त्यांना काय सांगणार होते मी? कॉफी संपवली आणि थँक यू म्हणून बाहेर आले. पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत बसून रडले, अगदी हमसून हमसून. मग आरसा बघून पुढच्या ड्युटीला हजर झाले.

माझ्या जागी जो कॅप्टन झाला तो माझ्यानंतर लागलेला. ताथवड्याला राहतो, इंजिनिअरिंगही तिथंच केलेलं, बायको आयटीत, घरात तान्हं बाळ. मुलगा चांगला आहे. मी त्याला रेडिओवर बोलायला शिकवलंय. डाव्या सीटवर बसल्यावरही तो मला मॅडमच म्हणतो, आणि डब्यातला उपमा की सँडविच हे आधी मला विचारतो. मी त्याचा राग करून बघितला, जमला नाही.

या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघं शेवटची फेरी करून पुण्याला उतरलो. बाळाला दात येत होते, त्याला रात्रभर झोप नव्हती. उतरताना विमान जरा आपटलंच. इंजिनं बंद केली आणि त्याचा फोन वाजला. तोच आवाज, तेवढाच गोड. पुढचा क्रू अडकलाय, फक्त एकदा जाऊन-येऊन.

त्यानं फोनवर हात ठेवला. त्यानं मला फिट आहात का असं विचारलंच नाही. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढी खात्री होती की मला हसू यावं की रडू हे कळेना.

‘मॅडम,’ तो हळूच म्हणाला, ‘तुमच्याबरोबर ड्युटी लागली की आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटतं. निदान घरी तरी जाता येतं.’

सगळ्यांनाच. म्हणजे हे आपसात बोलतात. देहूरोडच्या कॅप्टननी कौतुकानं सांगितलं असणार. डावीकडच्या सीटवर बसलेल्या इतक्या लोकांच्या वाटचं ‘नाही’ म्हणायला एक उजवी सीट पुरत होती.

पुढची यादी आता लागणार होती. आवाज फोनमधून ‘हॅलो, सर? हॅलो?’ करत होता. मी त्या मुलाचे डोळे बघितले. माझ्याकडे बघता बघताच ते मिटत होते, आणि त्याला ते कळतही नव्हतं.

‘सांगा त्यांना,’ मी म्हणाले, ‘को-पायलट अनफिट आहे.’

त्यानं सांगितलं.